डेपोत आणली की आवाज गायब

मंडळी, आजचा विषय अर्धा इतिहासाचा आणि अर्धा घरचा आहे. लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

माझे आजोबा, म्हणजे आबा, साताऱ्याला असतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून आयुष्य गेलं. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी आमची ठरलेली वारी असते. पहाटे साताऱ्याहून निघायचं, पुण्यात न्यूरॉलॉजिस्टकडे नंबर लावायचा, दोन तास बसायचं आणि पंधरा मिनिटं डॉक्टरांना भेटून परत.

मागच्या खेपेला काय झालं ते सांगतो. डॉक्टर म्हणाले, "काका, जरा चालून दाखवा." आबा उठले आणि पंधरा ऑगस्टच्या परेडला निघाल्यासारखे ताठ चालून दाराला हात लावून परत आले. अंगठा आणि बोट आपटून दाखवलं, मूठ उघडझाप करून दाखवली. सगळं टकाटक! डॉक्टर खूश. "छान आहे की. गोळ्या आहेत त्याच ठेवू."

आजीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो डॉक्टर, घरी दुपारी हे बाथरूमच्या दारात वीस-वीस मिनिटं अडकून पडतात. पाऊलच उचलत नाही. इथे आले की कसे चालतात कोण जाणे." डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. पण कागदावरचं वाक्य आणि डोळ्यांसमोर चालणारा माणूस यात कोण जिंकणार?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार अगदी ओळखीचा आहे. कस्टमर बोंबलत असतो की स्क्रीन हँग होते, आणि आपण निवांतपणे सांगतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." बग ऑफिसात रिप्रोड्यूसच होत नाही. मी गाडीत हे आबांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "अरे, आमच्याकडं रोजचं होतं हे. ड्रायव्हर रिपोर्ट टाकायचा, गाडी आवाज करती. डेपोत आणली की आवाज गायब."

"मग काय करायचात?"

"काय करणार? पाना घ्यायचा आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून रूटवर जायचं."

हे वाक्य डोक्यातून जाईना. मग पुढचे तीन महिने, रिलीजच्या गडबडीतून वेळ मिळेल तसा, मी एकच गोष्ट वाचत बसलो. या आजाराला दोनशेहून जास्त वर्षं डॉक्टर लोक बघतायत. त्यांनी पेशंटला नेमकं कुठून बघितलं? किती वेळ? आणि "रूटवर" कोण गेलं का? जे सापडलं ते सांगतो.

*

सुरुवात १८१७ साली लंडनमध्ये होते, आणि गंमत म्हणजे ती चक्क रस्त्यावर होते.

जेम्स पार्किन्सन हा लंडनच्या हॉक्स्टन भागातला साधा गल्लीतला डॉक्टर. माणूस भलताच उद्योगी. जीवाश्म गोळा करायचा, त्यावर मोठे ग्रंथ लिहायचा, १८०७ मध्ये लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक. त्याआधी टोपणनावाने सरकारविरोधी पत्रकंही लिहायचा. १७९४ मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जला नाटकगृहात विषारी बाण मारून ठार करण्याचा कट म्हणे शिजला होता, त्या प्रकरणात याची प्रिव्ही कौन्सिलसमोर चौकशीही झाली. सुटला बिचारा.

तर या माणसाने १८१७ मध्ये 'शेकिंग पाल्सी'वर, म्हणजे थरथरणाऱ्या लकव्यावर, ६६ पानांचा एक निबंध छापला. त्यात पेशंट किती? फक्त सहा. आणि त्या सहांतले दोन त्याला रस्त्यात सहज भेटलेले, त्यांना थांबवून त्याने विचारपूस केली. एक तर त्याने नुसता लांबून पाहिलेला! हा पाचवा पेशंट माझ्या मनात घर करून बसलाय. त्याच्याबरोबर एक नोकर असायचा. नोकर समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवायचा, तो माणूस हळूहळू पुढे-मागे झुलून तोल सांभाळायचा आणि मग इशारा देऊन एकदम पळत सुटायचा. नोकर बाजूला होऊन पुढे धावायचा, कारण साधारण वीस पावलांवर त्याला झेलावं लागायचं.

मी हे आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगदी असंच. मी पण यांना आधी डुलवते, मग एक-दोन-तीन म्हणते." दोनशे वर्षांपूर्वीचा लंडनचा नोकर आणि साताऱ्यातली आमची आजी, दोघांनी एकच युक्ती शोधून काढलेली.

पण नुसतं बघण्याला मर्यादा असते. या आजारात हातपाय ताठर होतात. हा ताठरपणा पार्किन्सनच्या निबंधात नाही. कारण उघड आहे, ताठरपणा डोळ्यांना दिसत नाही. पेशंटचा हात हातात घेऊन कोपरात वाकवून बघावा लागतो, तेव्हा तो लागतो. रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला तो कसा कळणार? हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

*

त्यानंतरचा मुक्काम पॅरिस. साल्पेट्रिएर नावाचं अवाढव्य हॉस्पिटल. खरं तर त्याला हॉस्पिटल म्हणण्यापेक्षा म्हाताऱ्या, गरीब, आजारी बायकांचं एक गावच म्हणायला हवं. हजारो जणी तिथे वर्षानुवर्षं राहायच्या. १८६२ मध्ये तिथे झां-मार्तँ शार्को रुजू झाला आणि त्याच्या लक्षात आलं की हा खजिना आहे. एका पेशंटला एकदा नाही, वर्षभर, दहा वर्षं बघता येतं.

शार्कोने पार्किन्सनची चूक दुरुस्त केली. ताठरपणा नोंदवला, हे लोक दुबळे नसून संथ झालेले असतात हे सांगितलं. प्रत्येकाला कंप असतोच असं नाही, मग "थरथरणारा लकवा" हे नावच चुकीचं, म्हणून त्याने "पार्किन्सनचा आजार" असं नाव सुचवलं. आज आपण जे नाव वापरतो ते मूळ या फ्रेंच माणसाने दिलेलं आहे.

पण मला जास्त आवडली ती त्याची जुगाडं. डोक्याचा बारीक कंप लेक्चर हॉलमधल्या सगळ्यांना दिसावा म्हणून तो पेशंटला लांब पिसांच्या टोप्या घालायला लावायचा. डोकं जरा हललं की पीस जोरात हलणार. अँप्लिफायरच झाला की! आणि दुसरं म्हणजे एत्येन-ज्यूल मारे याने १८६० मध्ये मनगटावरची नाडी कागदावर उमटवणारं एक यंत्र बनवलं होतं. शार्कोने ते कंपाची रेघ काढायला वापरलं. म्हणजे आज मनगटावर घड्याळ बांधून कंप मोजतात, त्याचा खापरपणजोबा दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलाय.

अजून एक किस्सा. त्याचे काही पेशंट सांगायचे की रेल्वेने किंवा घोडागाडीने लांबचा, हादरे खात प्रवास केला की बरं वाटतं. शार्कोने हे हसण्यावारी नेलं नाही. त्याने एक थरथरणारी खुर्चीच बनवून घेतली! ती खुर्ची खरंच उपयोगी होती का, हे शिकागोच्या ख्रिस्तोफर गेट्झ या न्यूरॉलॉजिस्टने २०१२ मध्ये तपासलं. हादरे देणाऱ्या खुर्चीत बसलेल्यांना बरं वाटलं, आणि हादरे बंद ठेवलेल्या खुर्चीत बसलेल्यांनाही तितकंच बरं वाटलं. असो. मुद्दा खुर्चीचा नाही. मुद्दा असा की ती माहिती हॉस्पिटलच्या बाहेरची होती, पेशंटच्या तोंडून आलेली होती, आणि ती शार्कोसारख्या बड्या माणसाने ऐकली. (गेट्झ हे नाव लक्षात ठेवा. अजून दोनदा भेटणार आहे.)

*

आता थेट विसाव्या शतकात येऊ, कारण खरा घोळ इथे सुरू होतो. आणि तो घोळ औषधामुळे झाला.

अगदी थोडक्यात: आपल्या मेंदूत खोलवर काही पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. हालचालीची ऑर्डर नीट सुटायला ते लागतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. स्वीडनच्या आर्विड कार्लसनने १९५७ च्या सुमाराला रेसर्पिन देऊन निपचित पडलेले ससे लेवोडोपा देऊन पुन्हा हिंडते केले. रेसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेतून निघालेलं औषध. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी मेलेल्या पेशंटच्या मेंदूत डोपामिन खरंच कमी असल्याचं दाखवलं. आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझियासने तोंडाने मोठ्या डोसमध्ये डोपा देऊन माणसं उभी केली. १९७० मध्ये अमेरिकेत लेवोडोपाला मान्यता मिळाली. कार्लसनला २००० साली नोबेल मिळालं.

जाता जाता एक देशी गंमत. शाळेत एकमेकांच्या शर्टात टाकायची ती खाजकुहिली आठवते? तिच्या बियांत लेवोडोपा असतं. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते वेगळं करून दाखवलं होतं, कोटझियासच्या तीस वर्षं आधी. (म्हणून उगाच बिया खात सुटू नका, डोस कळत नाही.)

तर लेवोडोपा आलं आणि खुर्चीला खिळलेली माणसं चालू लागली. चमत्कारच. पण काही वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की गोळीचा परिणाम आखडत चाललाय. रक्तात हे औषध साधारण दीड तासात निम्मं होतं. सुरुवातीला मेंदूत शिल्लक असलेल्या पेशी ते साठवून पुरवून पुरवून वापरतात. पेशी कमी झाल्या की हा बफर संपतो. मग गोळी लागू झाली की माणूस "ऑन", उतरली की "ऑफ". डोस जास्त झाला तर अंग आपोआप वळवळायला लागतं, ते वेगळंच. एकाच दिवसात एकच माणूस सकाळी दहाला बाजारात आणि दुपारी तीनला दारात अडकलेला.

म्हणजे बघा, औषध येण्याआधी हा आजार वर्षांच्या वेगाने बदलायचा. औषध आल्यावर तो तासांच्या वेगाने बदलायला लागला. आणि योगायोग असा की ज्या १९६७ मध्ये कोटझियासचा पेपर आला, त्याच वर्षी मार्गारेट होन आणि मेल्विन यार यांनी पार्किन्सन्सच्या पाच पायऱ्या ठरवल्या. न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलातल्या ८०२ पेशंटच्या नोंदींवरून. पहिली पायरी म्हणजे एका बाजूला त्रास, पाचवी म्हणजे खाट. उत्तम काम, आजही वापरतात. पण ती वर्षांची फूटपट्टी होती. तासांची फूटपट्टी कोणाकडेच नव्हती.

*

१९८७ मध्ये स्टॅन्ली फान आणि मंडळींनी 'यूपीडीआरएस' नावाची मोठी गुणपत्रिका आणली. प्रत्येक गोष्टीला ० ते ४ गुण. चालणं, बोटं आपटणं, ताठरपणा, बोलणं, सगळं. हालचालींच्या भागाचे जास्तीत जास्त गुण १०८. इथे गुण जितके जास्त तितकी परिस्थिती वाईट. २००८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, तिच्यामागचं मुख्य नाव पुन्हा गेट्झ. आबांनी परेड करून दाखवली ना, ती याच गुणपत्रिकेची तोंडी परीक्षा होती.

परीक्षाच ती. आणि परीक्षेला माणूस तयारी करून जातो. आबा काय करतात माहितीये? नंबर किती वाजता लागेल याचा अंदाज घेऊन गोळी घेतात! म्हणजे डॉक्टरांसमोर बरोबर ऑन. मी म्हटलं, "आबा, हे चीटिंग आहे." तर म्हणाले, "अरे, चार माणसांत अडकून पडायला लाज वाटती." यावर काय बोलणार?

मग घरी काय होतं ते कळायचं कसं? उपाय निघाला डायरीचा. २००० साली रॉबर्ट हाउजर आणि सहकाऱ्यांनी एक घरगुती डायरी तयार केली. दर अर्ध्या तासाने पेशंटने खूण करायची: झोपलोय, ऑफ आहे, ऑन आहे, ऑन आहे पण अंग वळवळतंय आणि त्याचा त्रास होतोय, वगैरे. नवीन औषधांच्या चाचण्यांत ही डायरी अजूनही वापरली जाते. कल्पना झकास आहे, कारण साक्षीदार स्वतः पेशंट आहे. पण डायरी भरायची कुणी? ज्याचा हात ऑफमध्ये चालत नाही त्याने!

आणि माणसं डायरी खरंच वेळेवर भरतात का, यावर एक जबरदस्त प्रयोग झालेला आहे. पार्किन्सन्सवर नाही, जुनाट दुखण्याच्या पेशंटवर, पण आपल्याला लागू पडतो. २००२ मध्ये आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो छापला. त्यांनी कागदी डायरीच्या फाइलमध्ये गुपचूप प्रकाशाचा सेन्सर बसवला. फाइल उघडली की वेळ नोंदली जायची. पेशंटच्या लिहिण्यानुसार ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या. सेन्सरच्या लॉगनुसार? ११ टक्के. काही दिवस तर फाइल उघडलेलीच नव्हती, तरी त्या दिवसांच्या नोंदी भरलेल्या. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याभराची टाइमशीट एका दमात भरता ना? तेच. :)

*

इथे एन्ट्री होते आपल्या क्षेत्रातल्या एका बाप माणसाची. अँडी ग्रोव्ह, इंटेलचा. त्याला २००० साली पार्किन्सन्सचं निदान झालं. इंजिनिअर माणूस, ज्याने आयुष्यभर चिपच्या कारखान्यात प्रत्येक गोष्ट मोजली, त्याला सांगितलं जातं की तुमच्या आजाराचं मोजमाप म्हणजे डॉक्टरने डोळ्यांनी बघून दिलेले ० ते ४ गुण. त्याला ते पटणार थोडंच? २०१६ मध्ये तो गेला, पण तोवर पार्किन्सन्सच्या संशोधनात त्याने भरपूर पैसा आणि त्याहून जास्त अधीरता ओतली.

त्यातून इंटेलने घरी ठेवायचं एक यंत्र बनवलं. बटणं आपटायची, खुंट्या भोकांत बसवायच्या, कंप मोजायचा, आणि माइकसमोर एका दमात लांब "आऽऽऽ" म्हणायचं. आठवड्यातून एकदा. डेटा यूएसबी स्टिकवर जाणार आणि घरच्या कॉम्प्युटरमधून इंटरनेटने सर्व्हरवर. सहा महिने, ५२ पेशंट, घरच्या घरी. २००९ मध्ये त्याचा पेपर आला आणि त्याचे पहिले लेखक होते, ओळखा पाहू, गेट्झच. माझ्या मते हे पहिल्यांदाच कोणीतरी पाना घेऊन खरोखर रूटवर गेलं असं म्हणता येईल.

त्यातल्या ४२ जणांच्या आवाजाची ५,८७५ रेकॉर्डिंग्ज घेऊन थानासिस त्सानास, मॅक्स लिटल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नुसत्या "आऽऽऽ"वरून यूपीडीआरएसचा आकडा बराच जवळपास सांगता येतो. तो डेटा त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला. यूसीआयच्या साइटवरचा 'पार्किन्सन्स टेलिमॉनिटरिंग' डेटासेट म्हणजे तोच. मशीन लर्निंगचा कोर्स केलेल्यांपैकी कित्येकांनी तो वापरला असेल.

मीही वापरलाय! माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट त्याच्यावर होता. ९७ टक्के अचूकता आली, व्हायव्हात बाहेरून आलेल्या सरांनी पाठ थोपटली. तेव्हा आबांचं निदान नुकतंच झालेलं, त्यामुळे मला वाटायचं मी जगाचं भलं करतोय. आता तीन महिन्यांपूर्वी तो पेपर नीट वाचला आणि घाम फुटला.

गोष्ट अशी. त्या सहा महिन्यांत डॉक्टरांनी पेशंटला प्रत्यक्ष तपासून गुण दिले होते फक्त तीनदा: सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. मधल्या प्रत्येक आठवड्याचे गुण म्हणजे या बिंदूंमधून ओढलेली सरळ रेघ. म्हणजे माझं मॉडेल जे ओळखायला शिकत होतं, त्यातला बहुतेक भाग कोणी मोजलेलाच नव्हता. त्यातून मी एकाच माणसाची रेकॉर्डिंग्ज ट्रेनिंगमध्येही टाकली होती आणि टेस्टिंगमध्येही. मॉडेलने आजार कुठला ओळखलाय, त्याने माणूस ओळखला!

संशोधकांना मात्र दोष देता येणार नाही. त्यांनी हे लपवलं नव्हतं. शिवाय ते पेशंट सुरुवातीच्या टप्प्यातले होते आणि त्यांना औषधं सुरू नव्हती. गोळीच नाही तर ऑन-ऑफ कुठून येणार? त्यांच्यासाठी सरळ रेघ हा बरा अंदाज होता. चूक माझी. आबांचं आयुष्य दिवसातून चार वेळा वर-खाली होत होतं आणि मी सरळ रेघेवर ९७ टक्के मिळवून पेढे वाटले.

*

पुढचा इतिहास तुम्हाला बराचसा माहीत असेल, म्हणून भराभर सांगतो. मेलबर्नमध्ये माल्कम हॉर्न आणि सहकाऱ्यांनी मनगटावरचं एक यंत्र बनवलं, 'पार्किन्सन्स कायनेटिग्राफ'. २०१२ मध्ये त्याचा पेपर आला, २०१४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. साधारण सहा दिवस बांधून ठेवायचं. दर दोन मिनिटांचा आकडा मिळतो, गोळीच्या वेळी ते थरथरतं, आणि सगळ्या दिवसांचे आलेख एकावर एक ठेवले की दुपारचा खड्डा दिसतो. तासांची फूटपट्टी अखेर मिळाली! मग २०१५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत आयफोनवर 'एमपॉवर' अ‍ॅप आलं. बोटं आपटा, वीस पावलं चाला, "आऽऽऽ" म्हणा, आणि हे गोळीच्या आधी की नंतर तेही सांगा. साडेनऊ हजारांच्या आसपास लोकांनी आपला डेटा संशोधकांना खुला करायला होकार दिला. पण बहुतेकांनी थोडे दिवस वापरून सोडून दिलं. (आपली जिमची मेंबरशिप आठवा.) २०२२ मध्ये एमआयटीच्या दिना कताबी यांच्या गटाने तर अंगाला काहीही न लावता, खोलीतल्या रेडिओ लहरींवरून झोपेतला श्वास टिपून आजार ओळखण्याचा प्रयोग छापला.

मधे २०२० आलं. लॉकडाउन. आपल्याकडेही मार्चमध्ये सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढले आणि आबांची वारी व्हिडिओ कॉलवर आली. आता ती आधी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. व्हिडिओवर डॉक्टरला सगळं दिसतं, पण पेशंटचा हात हातात घेऊन ताठरपणा बघता येत नाही, आणि मागून ओढून तोल तपासता येत नाही. व्हिडिओवरून गुण देताना हे दोन भाग सोडूनच द्यावे लागतात. म्हणजे २०२० मधला डॉक्टर परत १८१७ मधल्या पार्किन्सनच्या जागी जाऊन उभा राहिला. रस्त्याच्या पलीकडे!

आणि जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने, जी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला काय वापरावं याचा सल्ला देते, घरून पार्किन्सन्सवर लक्ष ठेवणाऱ्या पाच यंत्रांना हिरवा कंदील दाखवला. पण अटीसह: वापरा, आणि वापरताना पुरावाही गोळा करा, कारण पेशंटचं आयुष्य यामुळे किती सुधारतं हे अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही. मला हे प्रामाणिक वाटलं. मोजता येणं वेगळं आणि उपयोग होणं वेगळं.

*

हे सगळं वाचून माझ्यातला इंजिनिअर स्वस्थ बसणार थोडाच? मी आबांना एक स्मार्टवॉच घेऊन दिलं आणि घरी बसल्या बसल्या त्यांची दर तासाची पावलं बघायला लागलो. नऊ दिवस. दहाव्या दिवशी आबांनी घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. फोनवर म्हणाले, "तू तिकडं पुण्यात बसून मी संडासला कितीदा गेलो ते बघतोस. मी काय एसटी आहे का, जीपीएस लावायला?"

राग आला होता मला. पण नंतर वाटलं, बरोबर आहे त्यांचं. मी कधी त्यांना तो आलेख दाखवलाच नव्हता. साल्पेट्रिएरमधल्या पिसांच्या टोप्या घातलेल्या बायकांना तरी कोणी विचारलं होतं?

मग साताऱ्याला गेलो आणि लॅपटॉप उघडून त्यांना दाखवलं. नऊ दिवसांत दुपारी दोन ते चार पावलं जवळपास शून्य. मी म्हटलं, "ही वेळ ऑफची दिसतेय." आबा म्हणाले, "किंवा मी झोपलो असंन." खरंच की! घड्याळाला वामकुक्षी आणि ऑफ यातला फरक कळत नव्हता, आणि मलाही.

तेवढ्यात आजी आतून कालनिर्णय घेऊन आली. दुधाच्या हिशोबाच्या शेजारी, तारखांच्या चौकोनात बारीक अक्षरात "अ" लिहिलेला. अ म्हणजे अडकले. पुढे वेळ. दीड वर्षाची नोंद! गेल्या वर्षीचं कालनिर्णयसुद्धा जपून ठेवलेलं. "अडीच, अ. पावणेतीन, अ." आणि काही ठिकाणी "उसळ". मी विचारलं हे काय? तर म्हणाली, "कडधान्य झालं की जास्त अडकतात असं मला वाटतं. डॉक्टरांना एकदा सांगणार होते, पण राहून गेलं."

डोकं गरगरलं माझं. कारण हे पुस्तकात आहे. प्रथिनं पचून जी अमिनो आम्लं तयार होतात, ती आणि लेवोडोपा एकाच दाराने आत शिरतात. दारात गर्दी झाली की गोळी बाहेरच ताटकळते. आबा दुपारची गोळी जेवण झाल्यावर, भरल्या पोटी घ्यायचे. आजीने हे दीड वर्षापूर्वी टिपलं होतं, फक्त तिला कोणी लॉग मागितला नव्हता.

गेल्या शनिवारी परत वारी झाली. आबा परत परेडच्या तयारीत. पण या वेळी मी डॉक्टरांसमोर नऊ दिवसांचा आलेख ठेवला आणि आजीने दोन कालनिर्णय. डॉक्टरांनी आलेख पाच सेकंद बघितला आणि कालनिर्णय पाच मिनिटं. मग आबांकडे वळून विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?" आबा जरा गप्प बसले आणि म्हणाले, "दुपारी अडकतो मी. इथं येताना गोळी घेऊन येतो." सहा वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरांनी दुपारच्या गोळीची वेळ जेवणाआधी आणली, डोस तोच ठेवला.

फरक पडला का? आठवडाच झालाय, आत्ताच काही सांगत नाही. काल आजीचा फोन आला होता. पाच दिवस "अ" नाही, परवा एक आहे, तोही पाच मिनिटांचा. उसळ आता रात्री करते म्हणाली. आबांनी घड्याळ परत घातलंय, पण अट घालून: आलेख आधी ते बघणार, मग मी.

घाटातून येताना मी त्यांना म्हटलं, "आबा, शेवटी रूटवर जावंच लागलं." तर म्हणाले, "रूटवर ही रोजच असती रे. रिपोर्ट कोण वाचत नव्हतं."

असो. बराच लांबला लेख. तुमच्या घरी कोणाला हा त्रास असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटला जाण्याआधी आठवडाभर एका कागदावर तीनच गोष्टी लिहा: गोळी कधी, जेवण कधी, अडकले कधी. गोळ्यांच्या वेळा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. आणि तो कागद पेशंटला आधी दाखवा.

चू. भू. द्या. घ्या.